गाडी पळते छान, थांबते कशी?

वाशीमहून पुसदकडे निघाले की वाटेत अनसिंग लागते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशा गावात घरची मोटार म्हणजे डॉक्टर, बडा व्यापारी किंवा मोठा बागायतदार यांच्यापुरती गोष्ट होती. बाकीच्यांची भिस्त एसटीवर आणि काळी-पिवळीवर. आता चित्र बदलले आहे. ट्रॅक्टरच्या शेजारी अंगणात एखादी लहान मोटार उभी दिसते. पुष्कळदा ती वापरलेली असते, पुण्या-नागपूरकडून आलेली, एक-दोन मालकांच्या हातून गेलेली. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, पण ती अजून रस्त्यावर दिसतेच. या गाडीतून आजारी माणूस वाशीमला नेला जातो, लेक सासरी जाते, रामनवमीला पोहरादेवी घडते. घरातली सगळी माणसे एकाच वेळी तिच्या हवाली केलेली असतात.

म्हणूनच तिची निगा कशी राखायची, याचा थोडा विचार करू. मोटारीचे भाग दोन जातींचे असतात. काही भाग गाडी पळवतात : इंजिन, क्लच, गिअर, बॅटरी. काही भाग गाडी थांबवतात, वळवतात आणि माणसाला वाचवतात : टायर, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीटबेल्ट. पहिल्या जातीचा भाग बिघडला की गाडी स्वतःच तक्रार करते. चालू होत नाही, धूर सोडते, ॲव्हरेज घटते. मग आपण लगेच मिस्त्रीकडे धावतो. दुसऱ्या जातीचे भाग मात्र गप्प राहून झिजतात. गुळगुळीत टायरवरही गाडी बाजारापर्यंत जाते, जुन्या ब्रेक ऑइलवरही ती रोज थांबते. त्यांचा दोष कळतो तो ऐनवेळी, समोर बैल किंवा मूल आडवे आल्यावर. आपला खर्च आणि आपले लक्ष बहुतेक वेळा पहिल्या जातीवर जाते. ते दुसऱ्या जातीकडे वळवले पाहिजे, एवढेच आजचे सांगणे आहे.

हलकी गाडी, जड संसार

लहान गाडीची एक खासियत लक्षात घ्यावी. मारुती ८०० चे स्वतःचे वजन साधारण साडेसहाशे किलो. तिच्यात पाच मोठी माणसे बसली की सव्वातीनशे किलो भर पडते, म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्मी. वर डिकीत डाळीचा एखादा कट्टा. वजनदार मोठ्या गाडीला पाच माणसांचा फरक तितका जाणवत नाही, लहान गाडीला फार जाणवतो. ती उशिरा थांबते, वळणावर अधिक कलते, मागचा भाग दबल्याने दिव्यांचा झोत वर जातो. नेहमी एकट्याने चालवणाऱ्याला गाडीची जी सवय झालेली असते, ती भरल्या गाडीत उपयोगी पडत नाही.

आता वेगाचे गणित पाहा. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदात गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागतात. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि चांगले ब्रेक असे धरले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एकूण सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ला ३७ मीटर, ८० ला ५८ मीटर आणि १०० ला ८४ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. हा निसर्गाचा हिशेब आहे, चालकाच्या कौशल्याने तो बदलत नाही. रस्ता ओला असेल, टायर झिजलेले असतील किंवा गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरलेली असेल, तर हे आकडे आणखी वाढतात.

टायर : तळहाताएवढा आधार

गाडी रस्त्याला कुठे टेकलेली असते? चार टायरच्या चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. वळणे, थांबणे, सावरणे, सगळे या चार तळहातांच्या भरवशावर चालते.

हवेबाबत आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, असे सर्रास सांगतात. खरे तर उलट आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात आणि जास्त वाकतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते, तसेच टायरचे होते. आतून तापून त्याचे थर सुटू लागतात आणि वेगात तो फुटतो. उन्हाने हवा थोडी फुगते हे खरे, पण कंपनीने आकडा ठरवताना ते गृहीत धरलेले असते. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. बऱ्याच गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. हवा तपासायची ती टायर थंड असताना, सकाळी, दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त गाडी चाललेली नसताना. साधे हवा मोजायचे मीटर थोडक्या पैशांत मिळते, ते घरी असावे. पंधरा दिवसांतून एकदा, एखाद्या आठवडी बाजाराच्या दिवशी, पाचही चाकांची हवा पाहावी. पाचवे चाक म्हणजे स्टेपनी. गरज पडते तेव्हा नेमकी तीच बसलेली असते.

टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की तो बदलायलाच हवा. पावसाळ्यात खाच पाणी बाजूला सारते. खाच नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. शिवाय टायर म्हाताराही होतो. त्याच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी फार चालत नसली, खाच भरपूर दिसत असली, तरी पाच-सहा वर्षांनंतर रबर कडक होते, बारीक भेगा पडतात. गावातली गाडी कमी चालते, त्यामुळे हा धोका गावात जास्त.

आणि आता समृद्धी महामार्ग आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि मुंबईपर्यंतचा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आपल्या जिल्ह्यात तो मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या भागांतून जातो. मोटारींना तिथे ताशी १२० पर्यंत मुभा आहे. पण त्या वेगाला थांबायला एकशेदहा मीटरहून अधिक जागा लागते. जे टायर वर्षभर गावाच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने फिरले, त्यांना मे महिन्याच्या दुपारी तासन्‌तास शंभराच्या पुढे पळवणे म्हणजे नशिबाची परीक्षा पाहणे. मुभा आहे म्हणून तो वेग गाठलाच पाहिजे, असे नाही. जुनी लहान गाडी ऐंशीने न्यावी, डाव्या लेनने न्यावी आणि दर दोन तासांनी नेमून दिलेल्या थांब्यावर उभी करावी.

ब्रेक आणि उताराचा मोह

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. दोन वर्षांत त्यात इतके पाणी मुरते की लागोपाठ ब्रेक दाबून ते तापले, की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाहीत. तेव्हा ऑइल नुसते भरून भागत नाही, दोन वर्षांनी ते सगळे बदलून घ्यावे. डबीतली पातळी खाली जात असेल तर पॅड झिजले आहेत किंवा कुठे गळती आहे, असे समजावे. पेडल स्पंजासारखे लागणे, ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढणे, चाकातून करकर आवाज येणे, ही गप्प भागांची कुजबुज आहे. ती ऐकावी.

अकोल्याला जाताना पातूरचा घाट, पुसदकडे खंडाळ्याचा घाट. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडायची आणि पेट्रोल वाचवायचे, ही सवय बऱ्याच जणांना असते. काही जण तर चावीच बंद करतात. यात दोन धोके आहेत. इंजिनचा रोध नाहीसा झाल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ लागतात. आणि इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांत संपते. पुढे पेडल दगडासारखे होते. चावी काढली तर स्टिअरिंगही अडकू शकते. गंमत अशी की इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रलने पेट्रोल वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनला पेट्रोल जाणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. जुने चालक सांगत ते बरोबर : ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

जोरात ब्रेक मारण्याची वेळ आली तर? एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. त्या गाडीत ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरावा. पायाखाली थरथर जाणवेल, तिला घाबरून पाय काढू नये, आणि स्टिअरिंगने गाडी वळवावी. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत एबीएस नाही. तिथे चाके जाम झाली की गाडी सरळ घसरत जाते, स्टिअरिंग ऐकत नाही. पाय क्षणभर सैल करून पुन्हा दाबावा लागतो. आपल्या गाडीत काय आहे, हे घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत असावे.

ऊन, पाणी आणि सुगी

आपला उन्हाळा गाडीची परीक्षा घेतो. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरण्याची पद्धत सोडून द्यावी. त्यातले क्षार आत साचतात आणि नळ्या बुजतात. कूलंटच वापरावे, अडचणीच्या वेळी साधे पाणी चालेल, पण नंतर ते बदलून घ्यावे. काटा लाल खुणेकडे गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि थंड होईपर्यंत झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते उकळते फवारे मारते. फ्यूज उडाला म्हणून तारेचा तुकडा लावणे, जादा दिव्यांसाठी वायर कापून जोड देणे, घरगुती गॅसच्या टाकीवर गाडी चालवणे, यांतून आगी लागतात. सीएनजीची टाकी असेल तर दर तीन वर्षांनी तिची दाबचाचणी करून घ्यावी.

सगळ्यांत मोठी काळजी उभ्या गाडीची. अंगणातली मोटार मुलांना खेळायला आवडते. ती आत शिरतात, दार बसते आणि उघडता येत नाही. भर उन्हात बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढू शकते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. म्हणून गाडी उभी केली की कुलूप लावायचे, चावी उंचावर ठेवायची. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला आत ठेवून दुकानात जाऊ नये.

पावसाळ्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. पहिल्या सरीत तिचा लोण्यासारखा थर होतो. तिथे ना जोरात ब्रेक, ना झटक्याने वळण. आणि नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. यातही साधे गणित आहे. लहान गाडीचा तळ सुमारे साडेचार चौरस मीटर. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढले की ते गाडीला साडेचारशे किलोच्या जोराने वर उचलते. आणखी चार-पाच सेंटिमीटर पाणी वाढले की साडेसहाशे किलोची गाडी हलकी होऊन सरकू लागते. जमिनीपासून मोजले तर हे पाणी फूटभरच असते, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. माणूस ज्यातून चालत जाईल असे वाटते, त्यात गाडी वाहून जाते. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी मारू नये. पाणी आत ओढले जाऊन इंजिनच मोडते. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवून घ्यावेत.

पाऊस ओसरला की सुगी. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की रस्त्याच्या कडेला धान्य वाळत पडते, काडाने भरलेल्या ट्रॉल्या संध्याकाळनंतर परततात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. साध्या दिव्याच्या खालच्या झोतात आपल्याला चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच नीट दिसते. मघाचा हिशेब आठवा : ऐंशीच्या वेगाला थांबायला ५८ मीटर लागतात. म्हणजे रात्री ऐंशीने जाणारा चालक, त्याला दिसते त्यापेक्षा लांब अंतरात थांबतो. दिसल्यावर उपाय उरत नाही. रात्री गावच्या रस्त्यावर पन्नास हा पुरेसा वेग आहे. काच आतून-बाहेरून स्वच्छ असावी, वायपरचे रबर पावसाळ्याआधी बदललेले असावे आणि समोरून गाडी आली की डिपर द्यावा. ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी तिला मागे लाल परावर्तक पट्टी लावली, तर गावातल्या प्रत्येक मोटारीचे रक्षण होईल.

पट्टा मागच्यांनाही

स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आजचा तीन टोकांचा सीटबेल्ट तयार केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले केले. आपल्याकडे पुढच्या आसनांना पट्टा आला त्याला तीस वर्षे उलटली. तरी तो पोलीस दिसल्यावर खांद्यावरून ओढून घेण्याची वस्तू राहिला. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे-निम्मे. म्हणजे पट्टा चालकापुरता, ही समजूत खोटी आहे. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, पण मागच्या आसनावर बसलेल्यांना तिचा उपयोग झाला नाही.

आईच्या मांडीवरचे मूल सुरक्षित, असे आपल्याला वाटते. ताशी ५० च्या वेगाने गाडी आदळली तर दहा किलोचे मूल हातांना क्षणभर दीड क्विंटलसारखे होते. कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. आणि पुढच्या आसनावर मांडीवर मूल असेल तर एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते ती त्याच्यावरच. लहान मूल मागे, शक्य तर मुलांच्या खास आसनात बसवावे. चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा असे आसन नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार हजार रुपये दंड आहे. पण दंड हे कारण होऊ नये. घरी एवढेच करावे : मागच्या सीटच्या कव्हराखाली दबलेले पट्टे आज बाहेर काढावेत.

गाडी घेताना आणि घेतल्यावर

वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी रंग आणि म्युझिक सिस्टीम पाहण्याआधी बनावटीचे साल पाहावे. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींना चालकाची एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या पाच लोकप्रिय भारतीय लहान मोटारींच्या धडकचाचण्या केल्या, तेव्हा पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. म्हणून पैसे थोडे जास्त गेले तरी २०१९ नंतरची गाडी परवडते. जुनीच घ्यावी लागली तर किमतीतून चार टायर आणि ब्रेकच्या कामाचे पैसे आधीच बाजूला काढावेत. गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, विमा चालू ठेवावा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवली तर अपघातानंतर विम्याची भरपाई अडकू शकते, हेही ध्यानात असावे.

वेळापत्रक फार मोठे नाही. पंधरा दिवसांनी हवा, ब्रेक ऑइल, कूलंट आणि सगळे दिवे. सहा महिन्यांनी ब्रेकचे पॅड, लायनर आणि स्टिअरिंगचे जोड मिस्त्रीकडून चाके काढून पाहून घ्यावेत. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. मान्सूनपूर्वी वायपर आणि टायर. गाडीत जॅक, पाना, बॅटरी, प्रथमोपचाराची पेटी आणि लाल त्रिकोण ठेवावा. वाटेत कुणाचा अपघात दिसला तर १०८ ला फोन करून मदतीला थांबावे. मदत करणाऱ्याला कायद्याने आता संरक्षण आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्या दिवशी चाकापाशी वाकलेलोच असतो. तेव्हा त्याच चाकाच्या खाचा, त्याचे साल आणि हवाही पाहून घ्यावी. पूजेला पाच मिनिटे जास्त लागतील. गाडीत बसणारी माणसे आपलीच आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)